काड्यांची माणसं आणि वर चढणारं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर चित्रांबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण आज ज्या मालिकेबद्दल बोलणार आहे तिच्यातली माणसं तुम्हाला डोळे मिटूनही दिसतील. डोक्याच्या जागी एक गोल, त्याखाली पाच काड्या. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. संपलं चित्र. गेली कित्येक वर्षं मी ही काड्यांची माणसं वाचतो आहे. हो, वाचतो. कॉमिक पाहतो असं कुणी म्हणत नाही.

मालिकेचं नाव एक्सकेसीडी. एक्स, के, सी, डी, अशी चार सुटी अक्षरं. छापील पुस्तकात नव्हे, इंटरनेटवर येणारी मालिका, म्हणजे वेबकॉमिक. काढणारा रँडल मन्रो, अमेरिकन, भौतिकशास्त्र शिकलेला, काही काळ नासाच्या केंद्रात यंत्रमानवांवर काम केलेला. 2005 साली त्याने आपल्या जुन्या वह्यांमधली चित्रं स्कॅन करून इंटरनेटवर टाकली आणि तिथून हे सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यातून तीनदा, आजतागायत. पैसे पडत नाहीत, मध्ये जाहिरात येत नाही. वर्तमानपत्रातली चित्रपट्टी वर्षागणिक आकसत चालली आहे, भिंग घेऊन बसावं लागतं, आणि त्या जागी जाहिरात कसली, तर गुडघेदुखीच्या तेलाची. असो.

तर या मालिकेच्या जुन्या वाचकांची एक तक्रार आहे. सुरुवातीला ही मालिका मनाची होती, आता ती माहितीची झाली. तक्रार खोटी नाही. सगळ्यात पहिल्या चित्रात एक मुलगा पिंपात बसून एकटाच समुद्रावर तरंगतो आहे. पुढे काय होणार, कुठे जाणार, काही सांगितलेलं नाही. त्या काळात प्रेम, एकटेपणा, मध्येच गणिताची एखादी खोडी असं सगळं एकत्र यायचं. मग हळूहळू तक्ते आले. मार्च 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुभट्टीत अपघात झाला तेव्हा त्याने किरणोत्सर्गाचा मोठा तक्ता काढला. एक केळं खाल्लं तर किती, छातीचा एक्स-रे काढला तर किती, विमानाने अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलात तर किती. उपयोगी तक्ता, मी स्वतः चार जणांना दाखवला. पण पिंपातला मुलगा कुठे गेला, हा प्रश्न राहिलाच.

आणि इथेच मला तुम्हाला 2013 सालची गोष्ट सांगायची आहे. खरं तर ही सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय घेतला.

25 मार्च 2013, सोमवार. आमच्याकडे गोव्यात शिगम्याचे दिवस, होळी तोंडावर आलेली. त्या दिवशी एक्सकेसीडीवर एक चित्र आलं. काड्यांची दोन माणसं, एक तो, एक ती, वाळूवर बसली आहेत. बस्स. विनोद नाही, संवाद नाही. चित्रावर माऊस नेला की एक लपलेली ओळ दिसते, ती या मालिकेची जुनी खोड. त्या ओळीत एवढंच होतं की थांबा, पाहत राहा. अर्ध्या तासाने चित्र बदललं. किंचित. आणखी अर्ध्या तासाने आणखी किंचित. पुन्हा सांगतो, म्हणजे लक्षात राहील: दर अर्ध्या तासाला एक चित्र. पुढे काही दिवसांनी ते तासाला एक झालं. आणि हे चाललं चार महिने.

माझा भाचा तेव्हा इंजिनियरिंगला, सुट्टीत आमच्याकडे फोंड्याला आलेला. त्याने लॅपटॉप उघडून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, ठेवला होता. आई शेजारी शेंगा सोलत बसलेली. आईला इंग्रजी येत नाही, कॉम्प्युटरला तिने हात लावलेला नाही. पण समोर वाळू आणि दोन पोरं. ती म्हणाली, "काय करतात रे ती?" भाचा म्हणाला, "किल्ला बांधतायत आजी." आणि खरंच, बादलीने वाळू टाकून ती दोघं किल्ला बांधायला लागली होती.

त्या दिवसापासून आईचं दर तासाला एक फेरी मारणं सुरू झालं. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला, पाव घेतले, की आधी बाल्कांवात. "रात्रीत काय झालं?" जगभरचे वाचक ही चित्रं साठवून ठेवत होते, त्यामुळे भाचा रात्रीची चुकलेली चित्रं एकामागून एक पळवून दाखवायचा. लाईट गेली की आई वीज खात्याला जे बोलायची ते आकाशवाणीवर सांगता येण्यासारखं नाही.

आता ऐका. आईचं माहेर पेडण्याचं, केरीचं. समुद्र म्हणजे तिचं अंगण. काही दिवसांनी चित्रातलं पाणी किल्ल्याजवळ येऊ लागलं. भाचा म्हणाला, "भरती आली." आईने चित्र पाहिलं. मग तासाने पुन्हा पाहिलं. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. आणि शांतपणे म्हणाली, "ही भरती नव्हे."

भाचा म्हणाला, "का?"

"भरती आली की ओहोटी येते. दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते. हे पाणी आलेलं परत गेलेलं मी पाहिलं नाही. हे पाणी नुसतं वर चढतंय."

श्रोतेहो, चित्रातली ती दोघंही तेव्हा गोंधळली होती. समुद्राचं काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, असं त्यांच्यातलं एक जण म्हणतं. आईला ते वाक्य वाचता येत नव्हतं. तिने ते पाण्यावरून ओळखलं होतं. तो समुद्र का चढतोय हे शोधायला मग ती दोघं निघाली, किल्ला सोडून. चालत चालत डोंगरात गेली. इकडे एप्रिल संपला, मे संपला, समुद्रकाठचे शॅक उतरवले गेले. (त्या शॅकवाल्यांनी गाण्यांचा आवाज निम्मा केला तर लाटाही ऐकू येतील, हे आपलं माझं म्हणणं.) जून लागला, ट्रॉलर बंदराला लागले, मासळी महागली, आणि आमचा खरा समुद्र उसळायला लागला. आई रोज विचारायची, "पाणी कुठवर आलं?" शेजारच्यांना वाटायचं, ती मांडवीबद्दल विचारते आहे.

डोंगरात त्या दोघांना माणसं भेटली, आणि ती माणसं वेगळीच भाषा बोलत होती. मन्रोने खास त्यांच्यासाठी लिपी बनवली होती, कुणालाही वाचता येऊ नये अशी. भाच्याची झोप उडाली. तो वहीत अक्षरं उतरवून अर्थ लावत बसला. आईचं काहीच अडलं नाही. तिला त्याआधीचंही इंग्रजी कळत नव्हतंच. हातवारे, मान वळवणं, कोण कुणाच्या पुढे चालतं, यावरून तिची गोष्ट बरोबर पुढे चालली होती. "ती मुलगी शहाणी," असं तिचं मत पहिल्यापासून ठाम.

मग एका नकाशावरून उलगडा झाला. तो आपला भूमध्य समुद्र होता! हजारो वर्षांनंतरचा, आटून गेलेला. आणि त्याच्या तळाशी ही माणसं राहत होती. साठेक लाख वर्षांपूर्वी असंच एकदा घडलं होतं. जिब्राल्टरपाशी अटलांटिकची वाट बंद झाली, भूमध्य समुद्र बराचसा आटला आणि पुढे वाट फुटल्यावर पुन्हा भरला. गोष्टीत ते पुन्हा घडत होतं. भाचा हे सांगताना उड्या मारत होता. भूमध्य समुद्राला मुळात भरती-ओहोटी अगदी थोडी, तेही त्याने सांगितलं. आई ऐकून घेऊन म्हणाली, "मी तेच म्हटलं होतं."

शेवटी ती दोघं धावत परत गेली, आपल्या माणसांना गोळा केलं आणि पाण्यावर तरली. 26 जुलैला, आषाढी एकादशी होऊन आठवडा झाला होता, मालिका संपली. एकूण 3099 चित्रं. पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेच्या जगातला तो मोठा मान.

मी ही गोष्ट का सांगितली? विचार करा. या चित्रांमागे भूगर्भशास्त्र होतं, आकाशातले तारे होते. आतापासून किती हजार वर्षांनंतरची ही गोष्ट आहे ते वाचकांनी रात्रीच्या चित्रातल्या ताऱ्यांवरून काढलं. म्हणजे माहिती तक्त्यापेक्षा कमी नव्हती. पण मन्रोने ती सांगितली नाही. त्याने पाणी चढवलं आणि तो गप्प बसला. केरीच्या बाईला कळायला तेवढं पुरे झालं.

म्हणून जुन्या वाचकांच्या तक्रारीशी मी अर्धाच सहमत आहे. मन गेलं आणि विज्ञान आलं, असं झालेलं नाही. त्याच्या जोडीदाराला कर्करोग झाला तेव्हा कीमो, टक्कल, वाट पाहणं, हे सगळं त्याने याच पाच काड्यांनी काढलं, आणि काही वर्षांच्या अंतराने तो त्या विषयाकडे परत येत राहिला. ती चित्रं वाचून ज्याच्या घशात आवंढा येत नाही त्याने डॉक्टरला दाखवावं. माझी तक्रार विज्ञानाबद्दल नाही. माझी तक्रार सांगून टाकण्याबद्दल आहे. पुन्हा म्हणतो, विज्ञानाबद्दल नाही, सांगून टाकण्याबद्दल. अलीकडे पुष्कळदा चित्रातला एक माणूस बोलत असतो, दुसरा ऐकत असतो, आणि आपण तिसरे. सोलकढीत साखर घातल्यासारखं वाटतं. आमच्या जत्रेतल्या नाटकांत विनोदी नट एक वाक्य टाकतो आणि लगेच समोरचा तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणतो, मागच्यांना कळावं म्हणून. मागच्यांना पहिल्यांदाच कळलेलं असतं हो.

आपल्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं बघा. लोटलीला राहून त्यांनी तरुणपणी ज्या सचित्र डायऱ्या भरल्या, त्यांत गावातली माणसं आहेत. पुढे मुंबई, मग परदेश, रेषा बदलली, गर्दी वाढली, विषय बदलले. पण बाजाराच्या चित्रात कोपऱ्यातलं कुत्रं कुणाच्या टोपलीकडे बघतंय ते त्यांनी कधी लिहून दाखवलं नाही. आपण शोधायचं. आता तीच चित्रं कपांवर आणि फरशांवर विकली जातात. चहा संपेपर्यंत बघायला वेळ मिळतो, तेवढं बरं.

आणि मन्रोचे सगळे तक्ते मी नाकारत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये त्याने पृथ्वीच्या तापमानाची एक रेघ काढली, इसवी सनापूर्वी 20,000 वर्षांपासून आजपर्यंत. चित्र इतकं लांब की बोटाने खाली, खाली, खाली ओढत राहावं लागतं. हजारो वर्षं रेघ सावकाश सरकते, आणि अगदी तळाशी, आपल्या काळात, एकदम उजवीकडे पळते. तिथे एका शब्दाचीही गरज नाही. हा तक्ता आहे आणि तो पाण्याच्या गोष्टीचा सख्खा भाऊ आहे. म्हणजे याला अजून जमतं! म्हणूनच मी सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडत नाही.

भाचा आता बंगळुरूला नोकरीला आहे. त्याला तक्तेच आवडतात, आमचा वाद फोनवर चालूच असतो.

तुम्हाला वाचायचं असेल तर पिंपातल्या मुलापासून सुरू करा. फोनवर चित्रावर बोट दाबून धरलंत तर बहुधा लपलेली ओळही दिसेल, ती चुकवू नका. 2013 ची पाण्याची गोष्ट सलग पळवूनही पाहता येते, पण एक विनंती आहे. शेजारी कुणी समुद्रकाठचं माणूस असेल तर त्याला बसवून घ्या, आणि भूमध्य समुद्राचं जे मी आत्ता सांगितलं ते त्याला आधी सांगू नका.

नमस्कार.