चेहरा नको, चौकट बघा: डॉ. चेस आणि तीन सेंटचं तिकीट

नमस्कार मंडळी! प्रश्न तोच येतोय: “तीन सेंटची सगळी टपाल तिकिटं सारखीच दिसतात, मग कुठलं छपाईच्या धातूच्या प्लेटवर कुठे होतं हे कळतं कसं?”

ही जागा शोधायचं काम केलं डॉ. कॅरोल चेस या अमेरिकन माणसाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये डॉक्टर म्हणून सेवा, आणि १९२९ साली या एकाच तिकिटावर अख्खं पुस्तक! तिकीट अमेरिकेचं, १८५१चं, वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचं, दातेरी कडा नसलेलं. प्लेटवर २०० तिकिटं: शंभर डावीकडे, शंभर उजवीकडे. प्लेटा नऊ, पण काही दुरुस्त करून पुन्हा वापरल्या, म्हणून अवस्था तेरा. एकूण २६०० जागा.

आता नीट ऐका. चेहरा एकाच मूळ साच्यावरून रोलरने प्लेटवर दाबलेला, म्हणून तो सगळीकडे तोच. बाहेरच्या चौकटीच्या रेषा मात्र कारागिराने प्रत्येक तिकिटाला हाताने पुन्हा कोरल्या. कुठे रेषा कोपऱ्याबाहेर निसटली, कुठे अलीकडेच थांबली. ओळख तिथे आहे!

तुम्ही फोटो पाठवता, चेहरा झकास, कडा मात्र क्रॉप केलेल्या. त्यावरून जागा सांगता येत नाही हो. कडेचा पांढरा कागदसुद्धा दिसू द्या, १२०० डीपीआयवर स्कॅन करा.

आणि अल्बममध्ये बसावं म्हणून कात्री? कृपा करून नको. रुंद कडेवर कधी शेजारच्या तिकिटाची रेषा आलेली असते, तीच तर हवी असते.

जोडी मिळाली तर ती सुटी करू नका. एका जोडीतलं उजवं तिकीट दुसऱ्या जोडीत डावीकडे सापडलं, की तीन जागा सलग लागतात. असं जोडत जोडत अख्ख्या प्लेटची मांडणी उभी राहते. तिथेही जुळवायचं काय? चौकटच.

“रंगावरून सांगा ना,” असंही कुणी लिहितं. नारिंगी-तपकिरी छटा सुरुवातीची छपाई सुचवते, जागा नाही सांगत.

जागा लिहायची पद्धत सोपी आहे. ६६आर२एल म्हणजे ६६वी जागा, उजवा भाग (आर म्हणजे राइट), प्लेट दोन, नंतरची अवस्था (एल म्हणजे लेट). तिथे ‘सेंट्स’मधला इंग्रजी सी जीसारखा दिसतो, कारण ठसा दोनदा उमटलाय. दहापट भिंग घ्या, तुमच्याकडच्या तिकिटांत तो शोधा.