टेप उडायच्या आधी: आयव्हन मेजर आणि बिनब्रेकची मोटरसायकल

(जावा-येझदीप्रेमींच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. मला पाऊण तास दिलाय आणि विषय आहे आयव्हन मेजर, सहा वेळचा स्पीडवे वर्ल्ड चॅम्पियन, न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा. स्पेलिंग बघून लोक मॉगर म्हणतात पण त्याच्या नावाचा उच्चार मेजर असाच आहे, तेवढं आधी सांगून टाकतो कारण ज्या माणसावर आपण बोलतोय त्याचं नाव तरी नीट घ्यावं.

आता एक मनातली खंत सांगतो. स्पीडवे म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "अच्छा, म्हणजे जत्रेतला मौत का कुआँ." त्या कुव्यातल्या पोरांना माझा सलाम आहे, त्यांच्याइतकी छाती माझ्यात नाही. पण स्पीडवे हे काम वेगळं आहे हो. त्यात नुसतं धाडस धरून बसलं तर माणूस पहिल्या वळणावर कठड्यात जाईल. स्पीडवेची मोटरसायकल म्हणजे पाचशे सीसी, एक सिलिंडर, फोरस्ट्रोक, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाही. पुढे नाही, मागे पण नाही. अंडाकृती मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार लॅप, सगळे डाव्या हाताला वळणारे. डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधलेला, तो मातीवर घासत जायचा आणि मागचं चाक बाहेर फेकून आडवंच वळायचं. मग ब्रेक नाही तर वेग कमी कसा करतात, हे मला आजवर शंभर जणांनी विचारलं असेल. गाडी आडवी होते तेव्हा मागचं चाकच माती खणत वेग खातं आणि बाकीचं सगळं थ्रॉटल धरलेल्या मनगटात असतं. एक शर्यत म्हणजे साधारण एक मिनिट. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा.

आता इथे बसलेल्या जावावाल्यांसाठी. मेजरने ज्या मशीनवर नाव काढलं ती एसो, चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव गावात बनायची आणि 1964 साली ती कंपनी जावात विलीन झाली. म्हणजे आपल्या म्हैसूरच्या जावाची ती चुलत बहीणच. आपली टूस्ट्रोक आणि ती फोरस्ट्रोक, चुलत का असेना, टाकीवर नाव जावाचंच. आणि इंजिनात ऑइल कुठलं, तर एरंडेल! आपल्या आज्या पोट साफ करायला द्यायच्या ते. त्या काळच्या ट्रॅकवर जळक्या एरंडेलाचा वास भरून राहायचा आणि जुने प्रेक्षक आजही त्या वासाची आठवण काढतात.

मला हा खेळ कळला तो क्लचमुळे. वडिलांची जावा होती, मी आठवी-नववीत असेन, आणि गल्लीतल्या मिस्त्रींकडे तिचा क्लच उघडला होता. कॉर्कच्या प्लेटा ऑइलच्या डब्यात भिजत घातलेल्या. त्यातली एक त्यांनी काढली, अंगठ्याने दाबली आणि माझ्या हातात दिली, म्हणाले, "बघ, ही किती दाबली की धरते ते बोटाला कळलं पाहिजे, पुढचं सगळं गाडी करते." तेव्हा मला त्यातलं काही समजलं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी मेजरच्या स्टार्टची जुनी फिल्म बघितली, चौघं टेपपाशी, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर आडव्या ताणलेल्या पट्टीपाशी उभे, इंजिनं किंचाळतायत आणि याचा डावा हात लिव्हरवर अगदी स्थिर, तेव्हा मिस्त्रींचा तो अंगठाच डोळ्यासमोर आला. टेप वर उडते, त्या क्षणी क्लच किती सोडायचा. जास्त सुटला तर पुढचं चाक आभाळात, कमी सुटला तर तीन जण पुढे आणि त्यांची माती तुमच्या चष्म्यावर. आधीच हललात आणि टेपला लागलात तर बाहेर. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाडा सुटतानाच जाणकार माणूस सांगतो ना की आज बारी बसणार, तसंच आहे हे. पहिल्या वळणावर जो पुढे पोचला त्याची निम्मी शर्यत झाली. माझं म्हणणं एवढंच आहे की मेजर टेप उडायच्या आधी जिंकायचा. गाडी आरशासारखी स्वच्छ, स्पेअर तयार, ट्रॅकची माती कुठे ओली कुठे सुकी ते बघून ठेवलेलं. नोकरीला जावं तसा तो शर्यतीला जायचा.

आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो हरला ती शर्यत. 1973, पोलंड, होझूफचं श्लाँस्की स्टेडियम, लाखावर माणूस. त्या काळी वर्ल्ड फायनल एका दिवसात व्हायची, सोळा रायडर, वीस शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच, आणि प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी एकदा पडायचीच. मेजर तोवर चार वेळचा चॅम्पियन. समोर येर्झी श्चाकेल, ओपोलेचा चोवीस वर्षांचा पोरगा, दोनच वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये पाची शर्यती मिळून शून्य पॉइंट घेतलेला. शून्य! कोणी हिशेबातच धरलं नव्हतं त्याला. वीस शर्यती संपल्या आणि दोघांचे तेरा-तेरा. मग रन-ऑफ, दोघंच, चार लॅप, जिंकेल तो जगज्जेता. टेप उडाली आणि श्चाकेल पुढे. मेजरपेक्षा पुढे, स्टार्टला! मी ती फिल्म किती वेळा बघितली असेल, दर वेळी वाटतं या वेळी तरी मेजर आधी सुटेल. तो मागून दाबत राहिला, आत घुसायला गेला, पुढच्याच्या मागच्या चाकाला लागला आणि मेजर खाली. श्चाकेल एकटाच फिरून आला आणि पोलंडला पहिला वर्ल्ड चॅम्पियन मिळाला. दुसरा मिळायला 2010 उजाडलं, टोमाश गोलोब. स्टार्ट गेला की मेजरसारख्यालासुद्धा धोका पत्करून घुसावं लागतं आणि घुसलं की हे असं होतं.

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे आणि करिअर तर अजून सुरूच व्हायचंय. पळवतो.

1957 साली सतरा वर्षांचा हा पोरगा बायको रे हिला घेऊन इंग्लंडला आला, विम्बल्डनच्या टीममध्ये, टेनिसवालं नव्हे, स्पीडवेवालं विम्बल्डन. त्याच्याच गावचे रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज तिथे तळपत होते आणि याला धड शर्यतीच मिळेनात. परत गेला घरी. कोवळ्या वयात तोंडघशी पडून परत जाणं आणि 1963 ला पुन्हा येणं, या वेळी खालच्या लीगमधल्या न्यूकॅसलकडून, हे मला सहा टायटलांइतकंच मोठं वाटतं. त्या मधल्या वर्षांवर एक वेगळं भाषण व्हायला हवं. आणि गंमत बघा, मूरची दोन, ब्रिग्जची चार, मेजरची सहा, एका क्राइस्टचर्च शहराची बारा वर्ल्ड टायटलं.

पहिलं टायटल 1968, स्वीडनचं गोथेनबर्ग, पंधरापैकी पंधरा. 1969 वेम्बली. 1970 पोलंडमध्ये व्रोत्सवाफ, परत पंधरा, आणि सलग तीन जिंकणारा तो पहिलाच. अमेरिकेतल्या दोघा चाहत्यांनी शब्द दिला होता की तिसरं आणलंस तर बाईकला सोन्याचा मुलामा देऊ, आणि त्यांनी तो पाळला. ती सोनेरी बाईक क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियमच्या संग्रहात आहे. 1971 ला त्याला हरवलं कोणी, तर डेन्मार्कच्या ओले ओल्सेनने, ज्याला न्यूकॅसलला यानेच हाताशी धरून शिकवलं होतं. 1972 वेम्बली, तिथे पण रन-ऑफ, स्वीडनच्या बर्न्ट पेर्सनबरोबर, ते मात्र जिंकला. मधे इंग्लंडच्या बेल व्ह्यू आणि एक्सिटर या टीमकडून लीग जिंकल्या, लाँग ट्रॅकची, म्हणजे जास्त लांब ट्रॅकवरच्या शर्यतींची, तीन वर्ल्ड टायटलं घेतली, ते सगळं सोडतो. 1977 परत गोथेनबर्ग, पाचवं.

आणि 1979. फायनल कुठे, तर होझूफ. तेच स्टेडियम, सहा वर्षांपूर्वी जिथे तो मातीत पडला होता. वय एकोणचाळीस, चाळिशीला महिना राहिलेला, समोर विशी-पंचविशीतली पोरं. पंधरापैकी चौदा पॉइंट घेतले त्याने. दुसरा आला पोलंडचा झेनोन प्लेख, जो 1973 ला त्याच ट्रॅकवर तिसरा आला होता. त्या संध्याकाळी पहिल्या नंबरासाठी रन-ऑफची गरजच पडली नाही.

घंटा वाजली, थांबतो. माझी गाडी बाहेर पिंपळाखाली उभी आहे, क्लच कव्हर खोलून ठेवलंय आणि प्लेटा डब्यात आहेत. ज्यांना अंगठ्याने दाबून बघायच्यात त्यांनी चहा घेऊन तिकडे या.