धायफूल

मार्च महिना. नागपूरहून जबलपूर रस्त्यानं देवलापारकडे निघालं की नजर पळसावरच जाते. सगळा भाव तोच खाऊन जातो. धायटी, धायफुलाचं झुडूप, त्याच्या पायाशी, मुरमाड उतारावर, जेमतेम छातीइतकी उंच आणि फांदीभर लाल.

जवळून बघा. ही लाल नळी म्हणजे पाकळी नव्हे, निदलपुंज, फुलाचं बाहेरचं आवरण. पाकळ्या इवल्याशा, आत लपलेल्या. नळीत मध आहे, म्हणून शिंजीर हे झुडूप सोडत नाही. फूल चावलं तर आधी गोडसर लागतं, मग जीभ आखडते. हा तुरटपणा टॅनिनचा, आणि औषधही त्यातच. हगवण लागली की वाळल्या फुलांचं चूर्ण ताकातून, अंगावरून जास्त जात असेल तर तांदळाच्या धुवणातून, चिघळल्या जखमेवर वरून भुकटी. चरकसंहितेतही धातकी, म्हणजे हीच धायटी, मळ बांधणाऱ्या आणि जखम सांधणाऱ्या अशा दोन्ही गणांत आहे.

सावलीत वाळलेली फुलं विटकरी होतात. नागपूरच्या इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानांत मिळतात ती हीच.

आता हा माठ, अरिष्टाचा, म्हणजे काढा आंबवून केलेल्या औषधाचा. आतून तूप चोळलेला, धुरी दिलेला. अशोकारिष्टाचं ग्रंथातलं प्रमाण असं: अशोकाची साल 100 पळं (पळ हे जुनं वजन), गूळ 200, धायफुलं 16. साल उकळून काढा चौथाईवर आणायचा आणि पार निवू द्यायचा. घाई इथंच नडते, कारण फुलांसोबत येणारं, काढा आंबवणारं जंगली यीस्ट गरम काढ्यात मरतं. निवल्यावर गूळ, मग धायफुलं. झाकणी, वर कापडमाती, आणि माठ महिनाभर भाताच्या तुसात.

महिन्यानं पेटती काडी माठाच्या तोंडाशी धरतात. विझली तर आत अजून वायू निघतोय, माठ पुन्हा बंद. जळत राहिली, तर अरिष्ट तयार.

फांदी मोडून फुलं ओरबाडली की पुढच्या सालचा बहार गेला. रक्त पडत असेल तर चूर्णावर न थांबता दवाखाना गाठायचा. आणि अरिष्टात मद्याचा अंश असतो, हेही ध्यानात ठेवायचं.

गाळलेलं अरिष्ट बाटलीत. लेबलवर मोठ्या अक्षरांत अशोक. कुटजारिष्टावर कुड्याचं नाव, अर्जुनारिष्टावर अर्जुनाचं. धायटी तिन्हींत आहे, मागच्या बाजूला, घटकांच्या यादीत.