चिंचोके, काकू आणि 89 बिट

[दृश्य: टेबलावर पुठ्ठ्याच्या 12 चिठ्ठ्या. चिंचोके मोजणारे हात.]

काकूंनी काकांच्या कामाचे कागद काचकन कात्रीने कराकरा कापून काढले.

लहानपणी या वाक्याला आपली सगळ्यांची जीभ अडखळली आहे. आज नुसतं मोजू. काना, मात्रा, अनुस्वार सोडा, फक्त व्यंजनं घ्या. भरतात 31. त्यांतला ‘क’ एकटा 13 वेळा. ‘न’ 4 वेळा, ‘च’ आणि ‘र’ 3-3 वेळा. उरलेली आठ अक्षरं एकेकदा तोंड दाखवून जातात. जितक्या वेळा अक्षर, तितके चिंचोके त्याच्या चिठ्ठीवर.

हे वाक्य 0 आणि 1 एवढ्या दोनच खुणांनी पाठवायचं आहे. अशी एक खूण म्हणजे एक बिट. सगळ्यांना सारख्या लांबीचा संकेत द्यायचा तर प्रत्येक अक्षराला 4 बिट, एकूण 124. पण जागोजागी भेटणाऱ्या ‘क’ला आणि एकदाच डोकावणाऱ्या ‘ढ’ला एकच भाव का?

[दृश्य: ओळीने मांडलेल्या चिठ्ठ्या. मधे पट्टी ठेवून दोन वाटे.]

1948 साली अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी कमीत कमी किती बिट लागतील, ही खालची मर्यादा काढायचं सूत्र दिलं. आपल्या वाक्यासाठी ती येते जवळजवळ 88 बिट. एकेका अक्षराला ठरावीक संकेत द्यायचा, तर त्याच्या खाली कुणालाच जाता येणार नाही. पण तिथवर पोचायचं कसं? शॅनन आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातले रॉबर्ट फॅनो यांची वाट वरून खाली जाणारी होती. ढिगाचे होतील तितके सारखे दोन वाटे करा, प्रत्येक वाट्याचे पुन्हा दोन, दर वाटणीला एक बिट. करून बघितलं. 93 बिट झाले, आणि ‘क’ला दोन बिट मोजावे लागले. चांगलं आहे, पण सर्वांत चांगलं नाही.

1951. फॅनो एमआयटीत माहितीशास्त्राचा वर्ग घेत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, सत्राअखेरची परीक्षा द्या, नाहीतर एक निबंध लिहा. निबंधाचा विषय हाच: सर्वांत आखूड संकेत शोधा. हे कोडं आपल्यालाही सुटलेलं नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. परीक्षेऐवजी न सुटलेला प्रश्न हातात देणारे मास्तर किती जणांच्या वाट्याला येतात?

डेव्हिड हफमन तेव्हा पंचविशीत होता. नौदलात रडारची देखभाल करून आलेला. परीक्षा टळेल म्हणून त्याने निबंध घेतला आणि कित्येक महिने त्यात अडकून पडला. पद्धती सुचायच्या, पण हीच सर्वांत उत्तम असं सिद्ध एकीचंही होईना. शेवटी म्हणाला, जाऊ दे, परीक्षेचाच अभ्यास करू. टिपणं कचऱ्याच्या टोपलीत टाकता टाकता त्याला उत्तर दिसलं.

[दृश्य: अगदी जवळून, दोन चिठ्ठ्या एकत्र. संगीत नको, फक्त चिंचोक्यांचा आवाज.]

त्याने सुरुवात खालून केली. सर्वांत हलक्या दोन चिठ्ठ्या उचला. ‘ग’ आणि ‘ढ’, एकेक चिंचोका. त्यांचा जोडा करा, वजन दोन. आता जणू ती एकच चिठ्ठी. पुन्हा सर्वांत हलके दोघं शोधा. ‘प’ आणि ‘ल’. मग ‘त’ आणि ‘द’, ‘म’ आणि ‘य’. जोड्यांच्या जोड्या होतात, ‘च’ आणि ‘र’ एकमेकांना येऊन मिळतात, झाड खालून वर चढत जातं. ‘क’ आपले 13 चिंचोके घेऊन कडेला बसलाय, त्याला कुणी हात लावत नाही. अगदी शेवटच्या फेरीत तो जोडला जातो, थेट बुंध्याला. आता बुंध्यापासून अक्षरापर्यंत चाला: डावीकडे वळलात तर 0, उजवीकडे 1. ‘क’ला एकच बिट पुरतो. ‘ढ’ला पाच लागतात, पण तो येतोच कितीदा?

एकूण बेरीज, 89.

आम्ही ती तीनदा करून बघितली.

[दृश्य: मोबाईलवरचे फोटो, भराभर.]

सप्टेंबर 1952 मध्ये हफमनची ही पद्धत लेख म्हणून छापून आली. हफमन यांनी पेटंट घेतलं नाही. फोटोंच्या जेपीईजी, गाण्यांच्या एमपी3, आकार कमी केलेल्या झिप फायली, सगळीकडे ही युक्ती आहे.

[दृश्य: जाड पांढरा कागद, त्यावर बोथट टोकाने ओढलेली वक्र रेघ.]

1967 पासून हफमन कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या विद्यापीठात शिकवत होते. तिथे त्यांना कागदाच्या घड्यांचा नाद लागला. आपण होडी करतो तेव्हा घडी सरळ रेषेत पडते. त्यांना ओढ वक्र घड्यांची. 1976 मध्ये त्यांनी या घड्यांच्या गणितावर लेखही लिहिला. 1999 साली ते गेले.

ही घडी आम्ही त्यांच्या धाटणीने घालून बघतोय. कात्री नाही, डिंक नाही. रेघेवर बोटं ठेवायची, एका बाजूने आत ढकलायचं, दुसऱ्या बाजूने वर. पहिले दोन कागद चुरगळले. हा तिसरा.

[निवेदन थांबते. कागद हळूहळू उभा राहतो.]