उंचीचं इंजेक्शन आणि बीपीवाल्याची किडनी

नमस्कार श्रोतेहो. बीपीची गोळी घेऊन झाली असेल, तर रेडिओचा आवाज जरा मोठा करा. आज बोलायचंय ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे अंगाची वाढ करणारं हॉर्मोन, आणि किडनीबद्दल.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथून ग्रोथ हॉर्मोन सुटतं. ते यकृताकडून आयजीएफ-१ नावाचं दुसरं हॉर्मोन तयार करून घेतं आणि मग दोघं मिळून किडनीच्या मागे लागतात. एक तर ती मीठ धरून ठेवायला लागते. मीठ थांबलं की पाणी थांबतं आणि बीपी चढतं. दुसरं म्हणजे किडनीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, गाळण वाढते. जिममध्ये हे हॉर्मोन टोचून घेणारा कुणी म्हणेल, मग चांगलंच की! नाही हो. गाळण वाढली म्हणजे किडनी सुधारली असं नाही. परत सांगतो, गाळण वाढली म्हणजे किडनी सुधारली असं नाही. बीपीनं आधीच ताणलेल्या त्या बारीक गाळण्यांवर आणखी भार पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता गोष्ट. हार्वे कुशिंग नावाचे अमेरिकन मेंदूशल्यविशारद होते. १९०१ साली ते इटलीत पाव्हियाला गेले. तिथे रिव्हा-रोची या डॉक्टरांनी दंडाला बांधायचा, हवा भरायचा पट्टा बनवला होता. कुशिंगना तो इतका पटला की ते तो अमेरिकेला घेऊन गेले आणि ऑपरेशन चालू असताना रुग्णाचं बीपी मोजायचा आग्रह धरून बसले. आज घराघरात जो पट्टा आहे ना, त्याचाच हा पूर्वज.

हेच कुशिंग १९०९ साली लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये गेले. तिथे चार्ल्स बर्न या आयरिश माणसाचा सांगाडा होता, उंची सुमारे सात फूट सात इंच! १७८२ मध्ये हा बिचारा लंडनला आला, लोक पैसे देऊन त्याला बघायला यायचे. पुढच्याच वर्षी तो गेला, वय फक्त बावीस. मरताना त्याची एकच विनवणी होती, मला समुद्रात बुडवा, डॉक्टरांच्या हाती देऊ नका. पण जॉन हंटर या शल्यविशारदानं पैसे चारून देह मिळवला आणि सांगाडा कपाटात उभा केला. माझं स्पष्ट मत आहे, माणसाची शेवटची इच्छा विज्ञानाच्या नावानंही मोडू नये. २०२३ मध्ये म्युझियम नव्यानं उघडलं, तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढला. दोनशे वर्षांहून जास्त लागली हो एवढं कळायला!

तर कुशिंगनी परवानगी काढून बर्नची कवटी उघडवली. पिट्युटरी जिथे बसते ती खोबण चांगलीच मोठी झालेली होती. ग्रंथीला गाठ, म्हणून हॉर्मोन जास्त, म्हणून ही उंची. २०११ मध्ये त्याच्या दाढांमधल्या डीएनएत त्या गाठीला कारणीभूत असलेला जनुकातला बिघाडही सापडला. बीपी मोजायचा पट्टा अमेरिकेत नेणारा आणि या उंचीचं मूळ कवटीत शोधणारा माणूस एकच, म्हणून मला ही गोष्ट सांगायला फार आवडते.

आणि आपण? लग्नाच्या जाहिरातीत अजून उंची आधी, स्वभाव नंतर. मग पोराला ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन देऊन उंची वाढेल का, असं विचारणारे आईबाप भेटतात. किडनीचा आजार असलेल्या, वाढ खुंटलेल्या मुलांना हे औषध खरंच देतात, पण ते तज्ज्ञाच्या नजरेखाली. जिममध्ये कुणी हळूच हातात ठेवलेल्या कुपीची गोष्ट वेगळी. बीपी असेल तर तिला हात लावू नका.

मोठेपणी हे हॉर्मोन वाढलं तर अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. अशा रुग्णांत साधारण तिघांत एकाला बीपी असतं. चाळिशीत चपलेचा नंबर वाढला, तर चांभाराआधी डॉक्टरांना सांगा.

राहिली तपासणी. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ. गाळण वाढलेली असेल तर त्याचा आकडा छान दिसतो आणि आपण फसतो. म्हणून बीपीवाल्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे गाळणी बिघडली की रक्तातून लघवीत उतरणारं प्रथिन, तेही बघायचं. क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन, दोन्ही. लघवी सकाळची पहिली द्या आणि आदल्या दिवशी जोर-बैठका काढू नका, त्यानं अल्ब्युमिन उगाच वाढलेलं दिसतं.