कूलरच्या खोलीतलं जहाज

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एका रात्री उशिरापर्यंत बसून मी माझ्या लाकडी जहाजाच्या, म्हणजे किटमधून जोडायच्या लहान प्रतिकृतीच्या, डाव्या कुशीवर सात पट्ट्या चिकटवल्या. पट्टीला पट्टी अशी भिडली होती, की मधे नख जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी कूलरचा पंप बिघडला. मिस्त्री यायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी जहाज उचलून खिडकीशी धरलं, तर त्या सातही पट्ट्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसत होता.

गोंद खराब निघाला, किटमधलं लाकूड हलकं दिलं, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. खरं कारण माझ्या पाठीमागच्या खिडकीत बसवलेलं होतं. आपला नागपूरचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, पारा 45 च्या आसपास. त्यात रात्रभर कूलर चालला की खोलीतली हवा दमट होते. लाकूड ती ओल पितं आणि रुंदीत फुगतं, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. मी फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना भिडवल्या होत्या. पंप बंद पडला, खोली कोरडी झाली, प्रत्येक पट्टी केसाएवढी आकसली. प्रत्येक पट्टीच्या कडेला एक, अशा सात फटी.

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचे नंदी घडवणारे एक सुतारकाका आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "ताई, लाकडाला आधी घर पाहू द्या." ओल्या लाकडाचा नंदी केला तर पोळ्याआधीच त्याच्या पाठीला चीर जाते, हे त्यांना आयुष्यभराच्या कामाने शिकवलंय. तेव्हापासून नवीन किट आलं की मी पट्ट्या पुडक्यातून काढते आणि ज्या खोलीत काम करायचं तिथेच दोन आठवडे मोकळ्या ठेवते. आणि पट्ट्या बसवायच्या दिवसांत त्या खोलीतला कूलर बंद. घाम पुसत काम करावं लागतं, पण फटी पडत नाहीत.

पडलेल्या फटींचं काय केलं, तेही सांगते. अशा जहाजांना बहुतेक दोन थर असतात. आतला थर लाइमवुड नावाच्या फिकट, मऊ लाकडाचा, साधारण दीड मिलिमीटर जाड. त्यावर अक्रोडाचा अर्ध्या मिलिमीटरचा पातळ थर. आतला थर झाकलाच जातो, म्हणून त्याच लाकडाचा भुसा गोंदात कालवून फटींत दाबला, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला. वरच्या थराला ही सवलत नाही. तिथली फट कायम डोळ्यांत खुपते.

आता दुसरी अडचण, माझ्या भाच्याची. तो धरमपेठेत राहतो, पहिलंच जहाज करतोय. एका संध्याकाळी त्याचा फोन आला, "मावशी, मधे सगळं छान बसलंय, पण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, पट्ट्या एकमेकींवर चढताहेत. शेवटची तर बसतच नाही." शेवटच्या पट्टीचा यात काहीच दोष नव्हता. चूक पहिल्या पट्टीपासूनची होती. जहाज मधे फुगीर आणि पुढे निमुळतं असतं. सारख्या रुंदीच्या पट्ट्या पुढे मावणार कशा?

कागदाची अरुंद पट्टी घ्या. मधल्या बल्कहेडच्या, म्हणजे आडव्या फासळीच्या, कडेवरून वरून खाली कण्यापर्यंत, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब फळीपर्यंत, फिरवा आणि खूण करा. भाच्याच्या जहाजात ते माप 120 मिलिमीटर भरलं. पट्टी 5 मिलिमीटर रुंद, म्हणजे एका बाजूला 24 पट्ट्या. तोच कागद नाळेजवळच्या फासळीवर लावला, तर 72 मिलिमीटर. 24 पट्ट्या 72 मिलिमीटरमधे बसवायच्या, तर तिथे प्रत्येक पट्टी 3 मिलिमीटरच हवी. म्हणजे चिकटवायच्या आधीच पुढचं टोक हळूहळू निमुळतं करत 3 वर आणायचं. पट्टी निम्म्याहून अरुंद करू नये, टोकाला चिरते. निम्म्याहूनही कमी जागा उरत असेल, तर एक पट्टी मधेच थांबवून दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढे न्यायची. मागे सुकाणूकडे बहुधा उलटं होतं, तिथे जागा जास्त आणि पट्ट्या कमी पडतात. मग पाचरीच्या आकाराचा तुकडा भरायचा. खऱ्या जहाजांवरही कारागीर हेच करत होते.

भाच्याने अकरा पट्ट्या काढल्या. पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो. ओलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं, मग पातळ सुरीने एकेक सोडवली. माझ्या मते त्याचा त्या महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस तो होता.

सोबत दोन गोष्टी. पट्टी एक डावीकडे, एक उजवीकडे अशी लावा. एकाच बाजूला दहा लावल्या तर वाळताना त्या ओढतात आणि अख्खं जहाज पिळतं. आणि पट्टी वाकते ती मुख्यतः उष्णतेने, पाण्याने नव्हे. वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवून गरम इस्त्रीच्या कडेवर हळूहळू वळवा. नुसतीच दोन दिवस पाण्यात ठेवली तर फुगते, आणि मग पुन्हा तेच माझ्या सात फटींचं प्रकरण.

कण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. किटचा कणा प्लायचा असतो, आणि तो वाकडा निघू शकतो. माझ्या एका किटचा निघाला होता. ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवला, तर मधे वहीचं पुठ्ठ्याचं पान जाईल एवढी फट. इतक्याशाने काय होतं, असं वाटतं. 1:100 प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजात 5 सेंटिमीटर, आणि पुढे सगळ्या डोलकाठ्या त्याच वाकड्या रेषेवर उभ्या राहतात. कणा दोन्ही अंगांनी ओलसर करून दोन सपाट फरशांच्या मधे तीन दिवस दाबून ठेवला. थोडा वाक तरीही उरला. तो फासळ्यांच्या मधे काटकोनी ठोकळे बसवून काढला. प्रत्येक ठोकळा गुण्याने तपासून. दोरा टोकापासून टोकापर्यंत ताणला, तेव्हा तो कण्याच्या मधोमध आला.

असे ठोकळे आणि जादाच्या पट्ट्या आपल्याकडे तयार मिळत नाहीत. मी लकडगंजात आरा मशीनवर शिवणीचे तुकडे मागते. शिवण फिकट, हलकी, आणि हवेने फारशी हलत नाही. सागाचा मोह विदर्भात कोणालाही होईल. आणि जहाजाला साग म्हणजे राजा, हेही खरंच. 1817 साली मुंबईत वाडियांच्या गोदीत सागाची बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडमधे हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण लहान प्रतिकृतीवर सागाच्या जाड रेषा विजोड दिसतात, आणि त्यातल्या तेलाने गोंद नीट धरत नाही. साग मी फक्त जहाज ज्यावर ठेवायचं त्या बैठकीसाठी वापरते, तोही चिकटवण्याआधी स्पिरिटने पुसून.

सध्या माझ्याकडे व्हिक्टरी या ब्रिटिश युद्धनौकेची प्रतिकृती आहे, मूळ जहाज 1765 साली पाण्यात उतरलेलं, 104 तोफांचं. कुशी पूर्ण झाल्या, डोलकाठ्या उभ्या आहेत, दोऱ्या ओढायच्या बाकी आहेत. दोरा सुती आहे. सुंभाची बाज सैल पडली की तिच्यावर पाणी शिंपडायचे, आठवतंय ना? ओलीने दोर आखडतो. पावसाळ्यात बांधलेली दोरी हिवाळ्यात लोंबते, आणि उन्हाळ्यात कडक ताणलेली पावसाळ्यात डोलकाठी वाकवते. दोरा मेणावरून ओढून घेतला की ओल कमी शिरते, तंतूही बसतात. तरीही मी थांबले आहे. सगळा दोरा मेण लावून रिळांवर गुंडाळून ठेवलाय. दिवाळी झाली, हवा ना ओली ना फार कोरडी अशी झाली, की पुढच्या डोलकाठीपासून सुरुवात करणार आहे.

नमस्कार.