पोत्यांचे पिरॅमिड आणि भिंतीपलीकडच्या बायका

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे सगळे कार्यकर्ते आणि एवढ्या पावसात भिजत आलेल्या मंडळींनो, नमस्कार.

बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, 'तेलावर जगणाऱ्या देशात शेती पुन्हा कशी उभी राहील?' हे नाव मी दिलेलं नाही. मी संयोजकांना म्हटलं होतं, नायजेरियातल्या भुईमुगावर बोलतो. ते म्हणाले, काका, भुईमूग ऐकायला कोण येणार? सांगली जिल्ह्यात उभं राहून भुईमुगाबद्दल असं बोलायचं म्हणजे धाडसच. असो. बारसं त्यांनी केलंय, मूल माझंच आहे.

आधी तेलाचा घोळ मिटवू. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात दोन तेलं होती. एक गोडेतेल, दुसरं घासलेट. गोडेतेलाची बरणी फळीवर, घासलेटाचा डबा दाराआड, आणि कुणी घासलेटाचा हात बरणीला लावला तर आई दिवसभर घर डोक्यावर घ्यायची. नायजेरियाची गोष्ट साधारण अशीच सांगतात. गोडेतेलाच्या देशात घासलेट सापडलं आणि सगळं नासलं. मीही बरीच वर्षं तसंच सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगायला मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत.

मी 1984 साली कानोला गेलो. कानो म्हणजे उत्तर नायजेरिया, हौसा लोकांचं जुनं व्यापारी शहर. हिवाळ्यात वाळवंटाकडून हरमाटन नावाचा धुळीचा वारा सुटला की सकाळी चहात मातीची साय धरते. माझं काम तेलगिरणीत एक्सपेलर, म्हणजे दाणा दाबून तेल काढणारी यंत्रं, बसवायचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्यांच्याकडे माझा दोन महिन्यांचा पगार अजून बाकी आहे आणि मी अजून आशा सोडलेली नाही.

निघण्याआधी आमच्या साहेबांनी मला एक जुना फोटो दाखवला होता. भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड. खरंच पिरॅमिड, इजिप्तसारखे, ओळीने उभे, आणि वर मुंगीएवढी माणसं. एकेका पिरॅमिडात पंधरा हजारांच्या आसपास पोती. साहेब म्हणाले, जिथे एवढा दाणा, तिथे आपलं मशीन चोवीस तास चालणार. मी पोहोचलो आणि पहिल्या रविवारी पिरॅमिड बघायला निघालो. तिथे मोकळं मैदान. मैदानात शेळ्या.

गिरणीचा एक म्हातारा राखणदार होता. त्याला सगळे बाबा म्हणायचे. हौसातही बाबा म्हणजे बाप, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला त्याचं परकेपण वाटलंच नाही. तरुणपणी तो ही पोती रचायला होता. मी विचारलं, रचायचे कसे? त्याने चहाच्या टेबलावरचा साखरेच्या वड्यांचा डबा ओढला आणि थर लावायला लागला. खालचा थर रुंद, वरचा एकेक वडी आत, कोपऱ्यात आडव्यावर उभी. हात थरथरत होता, पण वडी हलत नव्हती. मी म्हटलं, काय वैभव असेल! तो म्हणाला, वैभव कसलं, आगगाडी येत नव्हती म्हणून रचत होतो. मग त्याने वरच्या तीन वड्या उचलल्या, चहात टाकल्या आणि ढवळून प्यायला.

हे वाक्य माझ्या डोक्यात शिरायला वीस वर्षं लागली. नोटेवर, टपाल तिकिटावर छापायला शोभतील असे ते डोंगर म्हणजे काय, तर लागोसच्या बंदराकडे जायला वॅगन मिळत नाहीत म्हणून अडकलेला माल! आपल्याकडे ऊस तुटून फडात पडून राहिला तर त्याचा फोटो काढून आपण भिंतीवर लावू का?

थोडा इतिहास. रेल्वे कानोला पोहोचली 1911 साली. इंग्रजांचा हिशेब असा, की इथे कापूस पिकेल आणि मँचेस्टरच्या कापडगिरण्यांना जाईल. हौसा शेतकऱ्याने दोन्हींचे भाव बघितले आणि सरळ भुईमूग पेरला. विकला तर पैसे, नाही विकला तर घरात खाता येतो. कापूस खाता येत नाही, हे मँचेस्टरच्या लोकांच्या लक्षात आलं नव्हतं. अल्हसन दांताता नावाच्या कानोच्या व्यापाऱ्याने त्या व्यापारात अफाट पैसा केला. आज आफ्रिकेतले सगळ्यात श्रीमंत म्हणून ज्यांचं नाव येतं ते अलिको दांगोते त्याचेच पणतू.

मग आली सरकारी खरेदी मंडळं. कोको, पामतेल, भुईमूग, प्रत्येकाचं मंडळ, 1947 ते 1949 च्या सुमारास. भाव मंडळ ठरवणार, जगाच्या बाजारात जास्त मिळाले तर फरक मंडळाच्या तिजोरीत. ज्यांनी आपल्याकडे कापूस एकाधिकाराची चिठ्ठी हातात धरली आहे त्यांना जास्त समजावत नाही. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. सरकार शेतकऱ्याच्या पैशावर जगत होतं, म्हणून त्याला शेतकऱ्याकडे बघावं लागत होतं. पश्चिम भागात ओबाफेमी आवोलोवो यांनी 1955 साली मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते कोकोच्या पैशातून. इबादान शहरात कोको हाउस नावाची उंच इमारत उभी आहे, तीही कोकोचीच. लुटत होते, पण लुटण्यासाठी का होईना, शेतावर येत होते.

1956 साली दक्षिणेत ओलोइबिरी गावी खनिज तेल लागलं. 1973 नंतर त्याचे भाव चढले आणि सरकारला शेतकऱ्याची गरजच उरली नाही. मी तिथे होतो तेव्हा निर्यातीच्या दर दहा नायऱ्यांतले नऊ तेलाचे होते. आणि नायरा? 1980 च्या सुमाराला एका नायऱ्याला दीड डॉलरपेक्षा जास्त मिळायचे. चलन एवढं चढलं की आपल्या मळ्यातल्या ज्वारीपेक्षा अमेरिकेचा गहू स्वस्त पडतो. याला अर्थशास्त्रात डच रोग म्हणतात. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडला तेव्हा तिथल्या कारखान्यांची अशीच गत झाली होती. कोकण रेल्वे गेली त्या गावांत… नको, विषय वाढेल.

तांदळाचं मात्र सांगायलाच हवं. राष्ट्राध्यक्ष शगारी यांच्या सरकारात उमारू डिक्को नावाचे वाहतूक मंत्री होते, आणि तांदूळ आयातीसाठी नेमलेल्या खास दलाचे प्रमुखही तेच. आयात म्हणजे परवाने, आणि परवाने म्हणजे… तुम्हाला माहीत आहे. 31 डिसेंबर 1983 ला लष्कराने सत्ता घेतली, डिक्को लंडनला पळाले. मी कानोत असतानाच, जुलै 1984 मध्ये बातमी आली. त्यांना भररस्त्यातून उचललं, भूल दिली, लाकडी खोक्यात घातलं आणि विमानाने परत पाठवायला स्टॅनस्टेड विमानतळावर नेलं. खोक्यात शेजारी डॉक्टरही बसवला होता, भूल उतरू नये म्हणून! कस्टमच्या माणसाला कागदपत्रांचा संशय आला, खोकं उघडलं, आत मंत्री. आमच्या मेसमध्ये त्या दिवशी भात होता आणि कुणाला हसू आवरेना. तुम्ही खोकं म्हटल्यावर लगेच हसलात. मी 1984 चं बोलतोय. बाकी मी काही बोललेलो नाही.

आता माझ्या मशीनकडे येतो. चार एक्सपेलर बसवले, वर्म शाफ्ट जुळवले, चाचणीला एक ट्रक दाणा कुठून तरी आला, तो चार दिवसांत संपला. नंतर आठ महिने मशीन बंद. मॅनेजर रोज म्हणायचा, दाणाच नाही, देशातला भुईमूग संपला. कारणंही खरी होती. 1972 ते 74 मोठा दुष्काळ पडला. 1975 साली रोझेट आला. हा विषाणू, माव्यातून पसरतो. झाड खुजं राहतं, पानं बारीक, पिवळी, गुच्छासारखी, आणि उपटून बघावं तर खाली शेंगच नाही. ज्याने उभं पीक असं उपटून बघितलंय त्याला त्या दिवसाचं वेगळं वर्णन नको. तर मी बसून पगार घेत होतो आणि लोकांना पत्रातून सांगत होतो, घासलेटाने गोडेतेल खाल्लं.

आणि रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडून शेंगदाणे भाजल्याचा वास यायचा.

आठ महिने. मी स्वतः तेलगिरणीचा माणूस, आणि आठ महिने मला प्रश्न पडला नाही की हा वास कुठला! शेवटी बाबाला विचारलं. तो हसला. तिथल्या तरण्या लग्न झालेल्या बायका परक्या पुरुषासमोर येत नाहीत. घरात बसून धंदा करतात आणि माल लहान पोरं डोक्यावर घेऊन विकतात. बाबाची बहीण म्हातारी, तिला मुभा होती. तिने उंबऱ्यात बसून मला दाखवलं. दाणे भाजायचे, चोळून टरफलं पाखडायची, वाटून लगदा करायचा, गरम पाण्याचा हबका द्यायचा आणि मळत बसायचं. मळता मळता तेल सुटतं, ते वाटीने काढून घ्यायचं. उरली पेंड. तिच्यात मीठ, मिरची घालून कडबोळ्यासारखं वळायचं आणि त्याच तेलात तळायचं. त्याचं नाव कुली-कुली. तेल विकायचं, कुली-कुली विकायची, वाया काही नाही. माझ्या एक्सपेलरची पेंड कोंबड्यांना जायची, तिची पेंड माणसांना.

मी विचारलं, आजी, दाणा कुठून आणता? ती माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघत राहिली. बाजारातून! मुडूने. मुडू म्हणजे तिथलं माप, आपल्या शेर-पायलीसारखं. वर शीग लावून देतात, आणि ती शीग किती उंच यावर अख्खी घासाघीस चालते. मी मॅनेजरकडे धावलो. तो म्हणाला, तो बाजारभाव आहे हो, आपल्या अंदाजपत्रकात तो बसत नाही.

दाणा होता, मंडळी. गिरणीच्या भावात नव्हता. शेतकरी मेला नव्हता. तो सरकार, मंडळ, गिरणी या सगळ्यांना वगळून भिंतीपलीकडे विकत होता. नायजेरिया आजही भुईमुगात चीन आणि भारतानंतर जगात तिसरा आहे. कसावा आणि यामच्या कंदांत पहिला. फक्त तो माल देशातच खाल्ला जातो, त्याचे पिरॅमिड होत नाहीत, म्हणून सगळे म्हणतात शेती बुडाली.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षसाहेब, चिठ्ठीवर दहा लिहिलंय, घड्याळात सात दिसतात. मुख्य विषय आता सुरू होतोय, तेव्हा जरा पळतो.

पुनरुज्जीवनाच्या योजना. 1976 'ऑपरेशन फीड द नेशन', 1980 'ग्रीन रिव्होल्यूशन', 1986 ग्रामीण रस्ते आणि अन्नाचं संचालनालय. सरकार बदललं की पाटी बदलायची. पहिली योजना काढणारे ओबासांजो सत्तेवरून उतरल्यावर ओटा गावी स्वतः शेती करायला लागले, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. 1978 च्या कायद्याने जमीन राज्यपालांच्या ताब्यात गेली. ज्या जमिनीचा कागद आपल्या नावावर नाही ती गहाण ठेवून कर्ज कोण देणार?

आयातबंदी. तांदळावर किती वेळा घातली आणि उठवली याची गणती नको. शेजारी बेनिन नावाचा छोटा देश आहे, तो भारताकडून एवढा उकडा तांदूळ घेतो की तिथला प्रत्येक माणूस दिवसाला पाच वेळा जेवत असला पाहिजे. काकीनाडाहून बोटी कोटोनूला लागतात आणि पोती रात्री सीमा ओलांडतात. ऑगस्ट 2019 मध्ये नायजेरियाने सीमाच बंद केली, डिसेंबर 2020 मध्ये उघडली. मधल्या काळात शहरात तांदूळ महागला.

काय जमलं? दोन गोष्टी पटकन. अकिनवुमी आदेसिना 2011 ते 2015 शेतीमंत्री होते. पूर्वी सरकार खत विकत घेऊन वाटायचं आणि शेतकऱ्यापर्यंत त्यातलं फारच थोडं पोहोचायचं. यांनी सरकारी खरेदी बंद केली, अनुदानाचं कूपन शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवलं, त्याने ते दुकानात दाखवायचं. गळती एकदम कमी झाली. मंत्री गेले, योजना मागे पडली. दुसरी, बियाणं. झारियाजवळच्या समारू शेती संशोधन संस्थेने आणि हैदराबादेजवळच्या पटणचेरूला मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने मिळून सॅमनट मालिकेतली वाणं दिली, रोझेटला दाद न देणारी, लवकर तयार होणारी. याला कुणी फीत कापली नाही, म्हणून तुम्ही ऐकलंही नसेल.

'पाच मिनिटे.' बरं.

काय नाही जमलं? 2016 साली कानोजवळ कडावाला टोमॅटोचा मोठा कारखाना निघाला, दिवसाला बाराशे टनांचा. थोड्याच दिवसांत बंद. एक तर टुटा नावाची अळी आली, कडुना राज्याने टोमॅटोची आणीबाणी जाहीर केली, लोक तिला टोमॅटोचा इबोला म्हणायला लागले. नारायणगावकडच्या मंडळींना ती अळी ठाऊक असेल, आपल्याकडे ती 2014 पासून आहे. आणि दुसरं कारण? कारखान्याच्या भावापेक्षा बाजारभाव जास्त होता. मी ते वाचलं तेव्हा बायकोला म्हटलं, बघ, आमचा मॅनेजर तिथे पोहोचला.

ईशान्येला बोको हराम ही अतिरेकी संघटना आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये झाबरमारीजवळ भात कापणाऱ्या डझनांनी शेतमजुरांना मारलं. जिथे शेतावर जाणंच जिवावरचं, तिथे खताचं कूपन काय कामाचं? यावर वेगळं व्याख्यान हवं.

आता शेवटचं. 2015 साली राष्ट्राध्यक्ष बुहारींनी केब्बी राज्यात शेतकऱ्यांसाठी कर्जयोजना सुरू केली. मध्यवर्ती बँकेचं कर्ज, परतफेड धान्यात. बरंचसं कर्ज परत आलंच नाही. पण जानेवारी 2022 मध्ये राजधानी अबुजात काय केलं असेल? तांदळाच्या पोत्यांचे पिरॅमिड! मुद्दाम रचलेले, रंगीत कापडं लावलेले, बुहारींच्या हस्ते उद्घाटन, कॅमेरे. समारंभ झाला आणि पोती उतरवली. मला बाबाची आठवण झाली. त्याने आगगाडी येईना म्हणून रचले. यांनी कॅमेरा येणार म्हणून.

वेळ संपली, दिवे मिचकावतायत. प्रश्न असतील तर बाहेर चहाला विचारा. तिथे टेबलावर स्टीलचा डबा आहे, बायकोने माझ्या सांगण्यावरून कुली-कुली केली आहे. जपून चावा. कानोत माझी उजवीकडची दाढ तिनेच घेतली.